डेल ओस्टरमानचा अंगठा

पोर्ट अँसल, आयोवा
६ फेब्रुवारी

क्ले,

डेल ओस्टरमानचं चित्र काढायचं काम मी घेतलं आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं, म्हणून लिहिते आहे. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस. पत्र निदान टेबलावर पडून तरी राहतं.

एप्रिलमधल्या जुन्या बेसबॉल खेळाडूंच्या मेळाव्यात यंदाचा मानकरी डेल आहे. डे मॉइनला, जत्रेच्या मैदानावरच्या त्याच हॉलात, जिथे मी दरवर्षी माझ्या चित्रांचं टेबल मांडते. कमिटीच्या मार्जचा फोन आला. म्हणाली, "डोरीन, रिव्हरमेन संघातला तरुण डेल हवाय. कॅचर म्हणून होम प्लेटमागे, बॅटरच्या पाठीशी बसलेला. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?" मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मधल्या भिंतीवरचं मोठं चित्र मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. मागे म्हणाला होतास की मी या लोकांचे चेहरे रंगवून त्यांना देव करून ठेवते. अरे, मला दुसरं काय येतं? दिवसभर स्टूलवर बसून मी कुणाच्या तरी टोपीखालची सावली शोधत असते. लोक म्हणतात, "अगदी तोच!" एवढ्यावर माझं पोट भरतं.

आणि डेलनं काय केलं ते मी विसरले आहे असं समजू नकोस. पिचर तू होतास, समोर बॅट घेतलेल्या ऑरेलिओ पेन्याचा डोळा तुझ्या चेंडूनं गेला, हे मी कधीच नाकारलं नाही. पण त्याच रात्री डेलनं वर्तमानपत्राला सांगितलं, "मी खुणेनं कर्व्ह मागितला होता, बॅटरपासून लांब वळणारा चेंडू. आधी मैदानाबाहेर होमरन बसला म्हणून आमच्या पोराचं डोकं फिरलं, त्यानं आपल्या मनानं मारला." त्या दोन वाक्यांनी तुला गाव सोडायला लावलं. बाबांनी न्हाव्याकडे जाणं बंद केलं, आई त्यांचे केस स्वयंपाकघरात कापायची. मी सगळं मनात धरून आहे. तरीही काम घेतलंय.

काय शिव्या घालायच्या त्या घाल, पण लिहून पाठव.

डोरीन


२१ फेब्रुवारी

क्ले,

तुझं कार्ड पोचलं. मूस हरणाचं चित्र छान आहे, मजकूर त्याहून मोठा असता तर आणखी छान वाटलं असतं. "काढ. मला काय त्याचं." ठीक आहे, काढते आहे.

पण आता नीट बसून वाच. बोटीचं काम हातात असेल तर बाजूला ठेव.

डेलची बसायची ढब मला हवी होती. गुडघ्यांवर तो जरा डावीकडे कलायचा, ते आठवणीतून जमेना. आपलं वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा त्यांच्या जुन्या निगेटिव्हचे खोके काउंटीच्या लायब्ररीत आले. तिथे जाऊन मी त्या उन्हाळ्याचे खोके उघडले. एक फोटो सापडला, कधी छापलाच न गेलेला. तुझ्या मागच्या, सेंटरफील्डच्या भिंतीवरून लांब लेन्सनं काढलेला. तुझी पाठ, सतरा नंबर. पलीकडे पेन्या, बॅट उचललेली. त्याच्या मागे डेल, उजवा हात मांड्यांच्या मधे.

हात काढणं सगळ्यात अवघड, म्हणून मी तेवढाच भाग मोठा करून छापून घेतला. चार बोटं मुठीत आणि अंगठा बाहेर, पेन्याच्या दिशेनं.

मागच्या अंगणात तुझे चेंडू पकडायला कोण बसायचं, क्ले? एक बोट म्हणजे सरळ आणि जोरात, दोन म्हणजे कर्व्ह. आणि अंगठा झटकला की बॅटरच्या अंगावर घाल. आपण शेजारणीच्या कचऱ्याच्या डब्याला बॅटर समजून ती खूण वापरायचो आणि ती ओरडत बाहेर आली की पळायचो.

मी आधी म्हटलं, हा दुसऱ्या कुठल्या तरी वेळचा फोटो असेल. मग जमिनीकडे पाहिलं. प्रत्येकाच्या पायाशी फिकट सावल्या, चारी बाजूंना. एका सूर्याच्या अशा पडत नाहीत, म्हणजे मैदानाचे दिवे लागले होते. पेन्याचा होमरन उजेडात झाला होता, आम्ही सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरून तो चेंडू जाताना पाहिला. दिवे लागल्यावर तो तुझ्यासमोर एकदाच आला आणि तू त्याला एकच चेंडू टाकलास.

लायब्ररीतल्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाहीये का. मी गाडीत जाऊन बसले, रडले, मग डेलला शिव्या दिल्या आणि मग तुलाही दिल्या. कारण तुला ठाऊक होतं. तो अंगठा फक्त तुझ्यासाठीच होता. बाबा जाईपर्यंत तू तोंडाला कुलूप लावून बसलास! ते शेवटपर्यंत समजत होते की त्यांच्या मुलानं रागाच्या भरात एका पोराचा डोळा घालवला.

मी तो अंगठा रंगवणार आहे.

डोरीन


१२ मार्च

क्ले,

"तो अंगठा रंगवलास तर मला बहीण नाही. चेंडू माझ्या हातातून सुटला." यावेळी कार्डावर बदकं आहेत.

तुझं कार्ड मी खिडकीला लावलंय, रंगाच्या डब्यांच्या वर. तीन दिवस काम केलं नाही. चौथ्या दिवशी ते उलटं करून लावलं आणि बदकांकडे बघत डेलची टोपी पुरी केली.

मला तुमचे नियम माहीत आहेत. मी या लोकांतच दिवस काढते. होमरन मारला की उभं राहून बघायचं नाही, मान खाली घालून पळायचं. बघत राहिलास तर पुढच्या वेळी चेंडू अंगावर येणार. पेन्या नुकता सांतो दोमिंगोहून आलेला, एकोणीस वर्षांचा, तो बघत राहिला. म्हणून बरगड्यांत एक बसणार हे ठरलेलंच. आणि कॅचरनं खूण केली तरी पिचरनं नाव घ्यायचं नाही, चेंडू आपलाच म्हणायचा. कुठे लिहिलंय हे? कुठेच नाही, म्हणून तर तुम्ही सगळे ते इतकं पाळता. आणि कॅचरनं खोटं बोलून पोराच्या माथी मारलं तर काय करायचं, ते तुमच्या नियमात नाही वाटतं?

तुझा चेंडू चुकून वर गेला. मी तुझे हजारो चेंडू पकडलेत, तुझा दमलेला हात कुठे जातो ते मला कळतं. तू डोक्यावर नेम धरून मारला नव्हतास. तू स्वतः हे कधी म्हणाला नाहीस आणि मी विचारलं नाही, कारण मला विचारायची गरज नव्हती.

तुला बहीण नको असेल तर नको. मला भाऊ हवा आहे, त्याला तुझी परवानगी लागत नाही.

डोरीन


२९ मार्च

क्ले,

तू उत्तर पाठवलं नाहीस. मी लिहीतच राहणार.

काल डेल आला होता. मानकऱ्यानं चित्र आधी बघून जायची पद्धत आहे. बायकोनं केलेले दालचिनीचे रोल घेऊन आला. गुडघे गेलेत त्याचे, दोन पायऱ्या चढायला दाराची चौकट धरली. आत येताच सुरू झाला.

"काय गं डोरी, मला देखणा केलास की नाही?"

"होतास तेवढाच केलाय."

"म्हणजे फारच!" तो हसला. त्याचं हसू अजून तसंच आहे, समोरच्यालाही हसायला लावणारं. गावातल्या निम्म्या पोरांना त्यानं बॅट धरायला शिकवली आहे आणि ती पोरं त्याच्यावर जीव टाकतात. ते खोटं नाही, क्ले. म्हणूनच मला जास्त त्रास होतो.

तो चित्राजवळ गेला. चेहरा झाला होता, हात नुसता पेन्सिलीनं काढला होता. तो वाकला, वाकून पाहिलं, आणि तसाच वाकलेला राहिला. मला वाटलं गुडघा अडकला.

मग म्हणाला, "हात ग्लोव्हमागे घे. लोकांना चेहरा बघायचा असतो."

"कॅचरचा हात झाकला तर उरलं काय?"

"डोरी, जुनं झालं ते सगळं."

"मग रंगवायला काय हरकत आहे?"

तो स्टूलवर बसला. आवाज न चढवता बोलत होता. "तुझ्या भावानं कधी तक्रार केली? एकदा तरी? नाही ना? तो खरा पिचर होता. तू कोण गं मधे येणारी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या गप्प राहण्याचीच त्यानं ढाल केली होती, आणि वर कौतुकही करत होता! मी ब्रश धुवायला गेले, नाहीतर तो त्याच्या शर्टावर उमटला असता.

जाताना म्हणाला, "मार्जला मी काही सांगणार नाही. पण मी ज्यावर सही करणार नाही, ते चित्र त्या हॉलात कुणी भिंतीला लावणार नाही. तुला सांगायला नको."

खरंच सांगायला नको. तुला माहीत नसेल म्हणून लिहिते. मेळाव्यात चित्राच्या खालच्या कोपऱ्यात आम्ही पांढरी जागा सोडतो. खेळाडू रांगेतल्या सगळ्या लोकांसमोर तिथे सही करतो. सही म्हणजे, हा मीच. सही नसेल तर ते चित्र कुणाचंच नसतं, मग ते कितीही हुबेहूब असो.

तो गेल्यावर मी सगळे रोल खाल्ले. चांगले होते. मग अंगठ्यावर रंग चढवला.

एप्रिलच्या मेळाव्याला कोण येणार, कोण नाही, मला काही ठाऊक नाही. सहज लिहिलं.

डोरीन


२३ एप्रिल

क्ले,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी होती. ऑरेलिओ पेन्याला मीच बोलावलं होतं. तो मायदेशी परत गेलाच नाही. डेव्हनपोर्टला त्याचं गाड्यांचं गॅरेज आहे, इथून तासाभरावर. इतकी वर्षं तासाभरावर! फोनवर मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, तेव्हा पलीकडे नुसता कुठल्या तरी यंत्राचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "शनिवारी गिऱ्हाइकं असतात, बाई. बघू."

शनिवारी हॉल खचाखच भरला होता. डेल टेबलाशी, त्याच्या शेजारी मी, आमच्या मागे कापड घातलेलं चित्र. रांग दारापर्यंत गेलेली. अर्धीअधिक त्यानं शिकवलेल्या पोरांची, आता त्यांना टकलं पडलीत. मार्जनं माइकवर चार शब्द बोलून कापड ओढलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "डेल, तेव्हा तुला कंबर होती की रे!" सगळे हसले. डेलही हसला, पण त्याची नजर चित्राच्या मधोमध होती. मी हात ग्लोव्हमागे घेतला नव्हता. दिव्यांचा उजेड बरोबर अंगठ्यावर घेतला होता.

रांगेतल्या बाकीच्यांना काही दिसलं नाही. ज्यांना खुणा वाचता येतात ते दोघे-चौघे मात्र हळूहळू गप्प झाले. पुढचा एक म्हातारा, जन्मभर कॅचरच असावा, चष्मा वर करून जवळ आला.

"हा अंगठा कुठून आणलास, डोरी?" डेलनं ओठ न हलवता विचारलं.

"तुझ्याच हाताचा आहे."

त्यानं जाड काळं पेन उचललं. पांढरी जागा खाली होती. त्याचा हात वर गेला. मला कळलं तो काय करणार आहे. तो सही अंगठ्यावरून करणार होता, मोठी, लफ्फेदार, आणि उद्या लोक म्हणाले असते की बिचाऱ्याचा हात हलतो. इतके दिवस तुला पत्रांतून शूरपणा दाखवला आणि तिथे नुसती बघत बसले.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि चित्रावर, अंगठ्यावर, सपाट टेकला. नखांत ग्रीस होतं.

"इथे नको," तो म्हणाला. "खाली जागा सोडलीय ना बाईंनी."

जाडा झालाय पेन्या. डावा डोळा काचेचा आहे, तो थोडा दुसरीकडेच बघतो. डेलनं त्याला ओळखायला वेळ लावला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त मी उतरताना पाहिलं, आणि तो रंग मला कधी सापडला नव्हता.

"पेन्या," तो म्हणाला.

"सही कर, डेल. मला गॅरेज उघडायचंय. लोक खोळंबलेत."

"संघाच्या मॅनेजरनं बाकावरून सांगितलं होतं," डेल म्हणाला. हळूच म्हणाला, पण माइक टेबलावर तसाच चालू पडलेला. आवाज हॉलभर गेला. तो दचकला. मग त्याला थांबता येईना. "बरगडीत सांगितलं होतं. बरगडीतच. मी अंगठा दाखवला. पोरानं मान हलवली, नको म्हणून. मी पुन्हा दाखवला."

तू नको म्हणाला होतास, क्ले. हे मला फोटोत दिसलं नव्हतं.

"आणि पेपरला?" मी विचारलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"माझं लग्न ठरलं होतं, वरच्या संघात बोलावणं येणार होतं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मला वाटलं, चार दिवसांनी लोक विसरतील."

मी म्हटलं, "तर मग सही कर."

पेन्यानं हात काढला नव्हता. डेल वाकला आणि खालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या जागेत, शाळेतल्या पोरासारखी लहान सही केली. पेनाचं झाकण लावलं, खुर्चीला धरून उठला आणि मधल्या वाटेनं बाहेर गेला. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. कुणी हाक मारली नाही, कुणी शिवीही दिली नाही. त्याची बायको पर्स घेऊन मागून धावली. मला वाटलं होतं त्या क्षणी मला फार आनंद होईल. झाला, पण मला वाटलं होतं तसा नाही.

मार्ज पांढरीफटक पडली होती. "पुढच्या वर्षी तुला संडासाशेजारचं टेबल," ती म्हणाली, "मिळालं तर." पण चित्र तिनं खाली उतरवलं नाही. संध्याकाळपर्यंत लोक येऊन बघत होते. दोघांनी मला विचारलं, क्ले कुठे असतो. एकानं तर बाबांचं नाव घेतलं.

पेन्या आणि मी नंतर कागदी कपांतून कॉफी प्यायलो. ते पुन्हा कधी सांगेन.

तू चिडला असशील. चीड.

डोरीन


४ मे

क्ले,

तुझं कार्ड आलं. यावेळी मी चित्र कसलं आहे तेही पाहिलं नाही. "पेन्या काय म्हणाला?" एवढंच. दहा वर्षांत तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न आहे.

तो म्हणाला की त्याला तेव्हाच कळलं होतं. चेंडू सुटायच्या आधी त्याच्या मागे मातीत पाय सरकल्याचा आवाज आला. कॅचर आतल्या, म्हणजे बॅटरच्या बाजूला सरकला, म्हणजे चेंडू अंगावर येणार. त्यानं बरगड्या आवळल्या. चेंडू वर आला. मी विचारलं, "मग तू एवढी वर्षं बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "होमरन बघत मीच उभा राहिलो होतो ना. बोललो असतो तर म्हणाले असते, पोरगं रडतंय." मी त्याला म्हटलं, तुम्ही तिघेही गाढव आहात. त्यानं मान्य केलं. वर म्हणाला, "पण होमरन होताच तसा, बाई. बघण्यासारखा."

मग त्यानं तुझ्याबद्दल विचारलं. कुठे राहतो, लग्न केलं का, मासे पकडतो का. मी त्याला तुझा पत्ता दिला. तुला विचारलं नाही. पुढच्या शनिवारी तो गॅरेज बंद ठेवून निघणार आहे, सोबत त्याची मुलगी आहे, लांबच्या रस्त्याला गाडी ती चालवते. दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचतील. तू बोट घेऊन सरोवरात निघून जाशील म्हणून मी हे आधी कळवणार नव्हते. पण त्यानं बजावलं, "त्याला सांगा. दार त्यानं आपणहून उघडायला हवं."

आणखी एक गोष्ट तो बोलला. ती त्याला स्वतः तुला सांगायची आहे आणि मी तोंड मिटून ठेवीन असं मी त्याला कबूल केलं आहे. पण तू मला ओळखतोस, माझ्या पोटात काही राहत नाही.

तू तेव्हा त्याला बघायला हॉस्पिटलमध्ये गेला होतास हे मला माहीत नव्हतं. आईला नव्हतं, बाबांनाही नव्हतं. तू त्याच्या खोलीच्या दारात टोपी हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलास आणि तो झोपलाय असं बघून परत गेलास.

क्ले, तो जागा होता. तुला दारात बघून रागानं डोळा मिटून पडला होता, तू हाक मारायची वाट बघत.

डोरीन